कंपनीत ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ उभी करून देणारी सेवा : माणूस घ्या, सॉफ्टवेअरचं नंतर बघा

‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ म्हणजे एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांनी एकमेकांकडून शिकत राहायचा गट. आधी निकाल, मग कारणं. पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले तीन त्यांनी पाठवलेल्या समन्वयक बाईंचे, अर्धा सॉफ्टवेअरचा. कापलेला दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच. सेवा देणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्या थोड्याफार फरकाने हेच पॅकेज विकतात. तुमच्यापुढे जो प्रस्ताव येईल तो यातल्या मुद्द्यांवर ताडून बघा, तेवढं पुरे.

मी एका कारखान्याच्या देखभाल खात्यात आहे. पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स असा मोठा पसारा, वेगवेगळे प्लांट, आणि प्रत्येक प्लांटची आपापली टोळी. दुखणं जुनंच. एका प्लांटमधल्या फिटरने डोकं फोडून शोधलेला बिघाड शेजारच्या प्लांटमधला फिटर काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून शोधत बसतो. दोघांच्याही लॉगबुकात नोंद एकच : “सील बदलला, पंप चालू केला.” सील का गेला, ते कशावरून कळलं, आधी काय काय करून बघितलं, यातलं एक अक्षर नाही. ते सगळं असतं, पण माणसाच्या डोक्यात, आणि तो माणूस नेमका दुसऱ्या शिफ्टला असतो.

यावर उपाय म्हणून वरच्यांनी ही सेवा घेतली. पॅकेजचे भाग तीन : नोंदी ठेवायचं आणि प्रश्न विचारायचं सॉफ्टवेअर, पहिल्या वर्षासाठी एक समन्वयक, आणि वरिष्ठांना बघायला डॅशबोर्ड. विकायला आले होते तेव्हा सादरीकरणातला बहुतेक वेळ सॉफ्टवेअर दाखवण्यात गेला, उरलेला डॅशबोर्डच्या रंगीत आलेखांत. समन्वयकाचा उल्लेख शेवटच्या स्लाइडवर, “सहाय्य” या मथळ्याखाली, एका ओळीत. प्रत्यक्षात उपयोगाचा क्रम बरोबर उलटा निघाला.

सॉफ्टवेअरचं लवकर उरकते, कारण सांगण्यासारखं थोडं आहे. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने १९९५ मध्ये पहिली विकी चालू केली, तिचा मूळ विचार होता की कुणीही पान लिहावं आणि कुणीही ते सुधारावं. इथेही तेच आहे, जोडीला प्रश्नोत्तरं, फोटो, छोटे व्हिडिओ आणि टॅग. मोबाइलवर चालतं, नेटवर्क नसलेल्या कोपऱ्यात लिहिलेली नोंद नंतर आपोआप चढते, हे चांगलं आहे. शोध मात्र सुरुवातीला अगदीच कामातून गेलेला. ‘बेअरिंग’ लिहिलं तर सापडायचं, ‘बेरिंग’ लिहिलं की शून्य. त्याहून मोठी अडचण म्हणजे फिटर मॅन्युअलच्या भाषेत शोधत नाही. मॅन्युअलात ‘कॅव्हिटेशन’ (पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) असतं, आमचा माणूस लिहितो “पंपात खडी फिरल्यासारखा आवाज”. समन्वयक बाईंनी अशा शब्दांची यादीच करून सॉफ्टवेअरला शिकवली : खडी फिरते, घरघर, शिट्टी मारतो, हात ठेवला की झिणझिण्या. ही सोय मुळातच आत होती, पण ती वापरायला हवी हे आम्हाला सांगितलं त्यांनी. विकणाऱ्यांपैकी कुणी ब्र काढला नव्हता.

नोंदीचा फॉर्म ही आणखी एक गंमत. उपकरण क्रमांक, बिघाडाचा वर्ग, उपवर्ग, मूळ कारण, सहायक कारण, तीव्रता, संभाव्य पुनरावृत्ती आणि असंच बरंच खाली खाली जाणारं. रात्रपाळी करून, हात ग्रीसने माखलेले, गाडी पकडायची घाई, अशा वेळी हे कोण भरणार? कुणी भरलंच नाही. जे भरलं गेलं ते “इतर”, “इतर”, “मध्यम”. बाईंनी चार प्रश्न ठेवले : काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं. अमेरिकी सैन्यात १९७० च्या दशकापासून सरावानंतर याच धाटणीच्या प्रश्नांवर सगळे मिळून चर्चा करतात. बाकीच्या रकान्यांना हात लावता येत नाही असं कंपनीचं म्हणणं होतं. पुष्कळ ईमेलांनंतर ते ‘ऐच्छिक’ करून घडीखाली लपवता येतात असं निघालं. तेव्हा मागा, मिळतं.

आता जे खरोखर विकत घेण्यासारखं आहे त्याकडे येते, म्हणजे बैठकांकडे.

बाईंनी आल्या आल्या सॉफ्टवेअर उघडलंच नाही. पहिले काही आठवडे त्या निरनिराळ्या शिफ्टना फिरल्या, ब्रेकडाउनला मागे उभ्या राहिल्या, आणि कुणाला अडलं की कोण कुणाला फोन करतो एवढंच वहीत लिहीत गेल्या. त्या वहीतून दिसलं की गट आधीपासूनच आहेत, फक्त त्यांना नाव नाही आणि वेळ नाही. गिअरबॉक्सचं काही असलं की तीन प्लांटमधून एकाच माणसाला फोन जातो. सीलचं असलं की दुसऱ्या एकाला. त्यांनी नवीन समिती नेमली नाही, आधी हेच लोक एका टेबलाभोवती आणले. माझ्या मते या सेवेतलं सगळ्यात हुशारीचं काम हेच.

बैठक पंधरवड्यातून एकदा, पाऊण तास, शिफ्ट बदलायच्या वेळी, म्हणजे जाणारे आणि येणारे दोघंही सापडतात. नियम मोजके. सादरीकरण करायचं नाही. साहेबलोकांनी पहिला अर्धा तास आत यायचं नाही. ज्याचं सध्या काही अडलंय त्याने ते मांडायचं, शक्य असेल तर मोडका भाग टेबलावर ठेवायचा. आणि उत्तर देण्याआधी प्रत्येकाने निदान एक प्रश्न विचारायचा.

हा शेवटचा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला शाळकरी वाटला होता. तो काय करतो हे गरम पाण्याच्या पंपाच्या वेळी दिसलं. एका तरुण फिटरने निघालेला मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची गळती रोखणारा भाग, टेबलावर ठेवला. म्हणाला, वर्षात हा कितवा ते विचारू नका, सील चांगल्या प्रतीचा आहे, बसवतो नीट, तरी जातो. एकाने विचारलं, “फ्लँजचे बोल्ट सोडून बघितलेस का? सोडल्यावर पाइप जागेवर राहतो की उडी मारतो?” फ्लँज म्हणजे पाइप पंपाला बोल्टने जोडायची कडा. तिथून पाइपच पंपाला ओढत असेल तर सील बिचारा काय करणार. पोराने ते केलं होतं : कपलिंगवर (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग) डायल गेज (बारीक हालचाल सुईवर दाखवणारं मापक) लावून फ्लँज आवळताना सुई बघायची, ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर पाइपाचा ताण पंपावर येतोय असं समजायचं. सुई हलली नव्हती. दुसऱ्याने पंपाच्या पायांचं विचारलं. एकेक बोल्ट सैल करून बघितलास का, एखादा पाय अधांतरी असेल. तेही झालं होतं. मग बॉयलरकडचे एक ज्येष्ठ काका, जे तोवर गप्प होते, त्यांनी विचारलं, “अलाइनमेंट कधी केलीस?” म्हणजे मोटरचा आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत कधी आणलास.

“सील बदलल्यावर लगेच, काका. शून्यावर आणली.”

“म्हणजे पंप गार असताना.”

“हो, बंद असतानाच करणार ना.”

“मग तो तापल्यावर शाफ्ट कुठे जातो ते बघितलंस?”

इथे खोली शांत झाली आणि मग एकदम सगळे बोलायला लागले. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. पायापासून शाफ्टपर्यंत ४०० मिलिमीटर उंची धरली आणि पंप १०० अंशांनी तापला, तर कागदावर शाफ्ट जवळजवळ अर्धा मिलिमीटर वर सरकतो. मोटर तेवढी तापत नाही, ती खालीच राहते. म्हणजे गार असताना शून्यावर आणलेली अलाइनमेंट चालू झाल्यावर बिघडते, आणि तो हिसका रोज सील खातो. शिम म्हणजे उंची जुळवायला पायाखाली घालायची पातळ पत्र्याची पट्टी. काका म्हणाले, “आम्ही मोटरखाली शिम थोडी जास्तच घालतो. गार असताना बघणाऱ्याला वाटतं चुकलंय. तापलं की जागेवर येतं.” वर हेही म्हणाले की हिशोबावर विसंबू नका, पाय काही तेवढा तापत नाही, खरी वाढ कमी भरते. पंप चालवून तापवा, बंद करा, गरम आहे तोवर पुन्हा मोजा. मग कुणाला तरी आठवलं की मागे एका नव्या इंजिनिअरने अशीच ‘चुकलेली’ अलाइनमेंट बघून ती मोठ्या उत्साहाने दुरुस्त केली होती.

ही काही गुप्त विद्या नव्हे. उत्पादकांच्या मॅन्युअलातही ती असते. पण पोरगा शोधत होता ‘सील’ आणि उत्तर होतं ‘अलाइनमेंट’खाली. त्याने सॉफ्टवेअरमध्ये कितीही वेळ घालवला असता तरी सीलचीच पानं समोर आली असती. मधे तीन प्रश्न पडले म्हणून तो योग्य दाराशी पोचला. नंतर जी नोंद झाली तीत काय तपासलं आणि ते कारण नव्हतं, हेही लिहिलं गेलं. माझ्या लेखी ही नोंद नुसत्या “गरम पंपाला शिम घाला” या वाक्याच्या दसपट मोलाची.

नोंदीखाली दोन नावं लागतात : सांगणारा आणि करून बघणारा. दुसरं नाव लागेपर्यंत नोंदीवर ‘न पडताळलेली’ असा पिवळा शिक्का राहतो. ही पद्धत बाईंनी झेरॉक्स कंपनीकडून घेतली. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या फोटोकॉपी मशिन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून अभ्यास केला. त्याला दिसलं की मॅन्युअल जिथे हात टेकतं तिथून पुढचं काम हे लोक एकमेकांना सांगितलेल्या बिघाडाच्या गोष्टींवर निभावून नेतात, आणि त्या गोष्टी बहुतेक खाता-पिताना, गप्पांत सांगितल्या जातात. पुढे १९९० च्या दशकात त्याच कंपनीत ‘युरेका’ नावाची पद्धत सुरू झाली, सुरुवात फ्रान्समधल्या तंत्रज्ञांपासून. तंत्रज्ञाने युक्ती पाठवायची, बाकीच्या तंत्रज्ञांनी ती तपासायची, आणि मान्य झाली की ती देणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांपुढे जायची. आपल्या बरोबरीच्यांनी तपासून मान्य केलेली युक्ती, खाली आपलं नाव : याची किंमत कारागिराला विचारा. आमचे बॉयलरकडचे काका एरवी मोबाइलला हात लावत नाहीत. आपल्या नावाची नोंद तिसऱ्या प्लांटमध्ये कुणी करून बघितली हे मात्र ते पोरांकडून वाचून घेतात.

आणि याच्या अगदी उलट दिशेला सॉफ्टवेअरमधले गुण आणि बिल्ले. नोंद टाकली की दहा गुण, उत्तर दिलं की पाच, महिन्याचा ‘ज्ञानवीर’. हे सगळं मुळातच चालू करून देतात. चालू होतं तेवढ्या काळात “पंप चालू करण्यापूर्वी व्हॉल्व्ह उघडा आहे का ते पाहावे” छापाच्या नोंदींचा पूर आला. एका बहाद्दराने एकच युक्ती पाच तुकड्यांत टाकली, पाच वेळा गुण घेतले. त्याला दोष देत नाही, मोजताय तेच मिळणार. बरं, नुसता कचरा वाढला असता तरी चाललं असतं. पण जे खरे जाणकार होते त्यांनी लिहिणंच थांबवलं. त्या यादीत आपलं नाव असावं असं त्यांना वाटेना. बाईंनी गुण बंद करायला सांगितले तर त्यांचीच कंपनी कुरकुर करायला लागली, कारण डॅशबोर्डचे आलेख त्या गुणांवर चालतात. शेवटी आमच्या देखभाल प्रमुखांनी लेखी कळवलं तेव्हा बंद झाले.

नव्या मुलांचं प्रकरण थोडं सविस्तर सांगते, कारण ते सहज नजरेतून सुटतं. सॉफ्टवेअर मुळात दोन गट करून देतं. ‘तज्ज्ञ’ हा बंद गट, चर्चेचा दर्जा राहावा म्हणून. ‘नवोदित’ हा वेगळा, त्यात पाठ आणि प्रश्नमंजूषा. ऐकायला शिस्तीचं वाटतं. १९९१ मध्ये जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी शिकाऊ माणूस कामातून कसा शिकतो यावर जे लिहिलं, तिथूनच ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ ही कल्पना रूढ झाली. त्यात अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या खाटकांचं एक उदाहरण आहे. शिकाऊ मुलांना पॅकिंगच्या मशिनवर उभं करायचे, आणि कसलेले खाटीक कापणी करायचे ती जागा तिथून दिसायचीच नाही. काम करूनही मुलं जे शिकायला हवं ते शिकत नव्हती, कारण बघायलाच मिळत नव्हतं. ज्या सेवेचं नावच त्या विचारावरून घेतलंय, तिने पहिल्याच दिवशी बरोबर तीच भिंत सॉफ्टवेअरमध्ये बांधून द्यावी याला काय म्हणावं!

बाईंनी भिंत काढली. नवी मुलं बैठकीला बसतात, सगळं वाचू शकतात, आणि नोंद लिहायचं काम त्यांचं. लिहायचं म्हटलं की विचारावं लागतं : “काका, एक मिनिट, शिम किती जाडीची? आणि गरम असताना म्हणजे बंद केल्यावर किती वेळात मोजायचं?” जाणकार एकमेकांत बोलताना हे धरून चालतात, त्यांना ते सांगायचं सुचतही नाही. त्यामुळे नोंद वाचण्यासारखी होते आणि लिहिणारा तिच्यातून शिकतो. प्रश्नमंजूषेचं कुणी नावही काढत नाही आता.

डॅशबोर्डवर माझा अख्खा एक तारा गेलाय. त्यात ‘निष्क्रिय सदस्य’ म्हणून लाल यादी येते. ज्याने महिनाभर काही लिहिलं नाही तो लाल. वरून फर्मान सुटलं की लाल यादी शून्यावर आणा. झालं, लोक एकमेकांच्या नोंदीखाली “छान माहिती” लिहायला लागले. वेंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीच २००२ मध्ये मांडलं होतं की अशा गटात मनापासून चालवणारा गाभा १० ते १५ टक्क्यांचा असतो, त्याबाहेर आणखी १५ ते २० टक्के बऱ्यापैकी सक्रिय, आणि उरलेले बहुसंख्य कडेला बसून बघणारे, आणि यात बिघडलं काहीच नाही. कडेला बसलेला माणूस वाचतो, ऐकतो, आपल्या कामात वापरतो. रात्री तीन वाजता गरम पंपाची नोंद उघडून नीट शिम घालणारा फिटर यांच्या आलेखात लाल, आणि दुपारी तीन जागी “छान माहिती” लिहिणारा हिरवा. हे मी त्यांच्या माणसाला समोर बसवून दाखवलं. त्याने “फीडबॅक पुढे पाठवतो” म्हटलं. पाठवलाही असेल.

उरलेला अर्धा तारा निवृत्त होणाऱ्यांच्या ‘ज्ञान-संकलन’ मॉड्यूलवर. जादा पैसे घेऊन देतात. कॅमेरा, दिवे, मुलाखत घेणारा माणूस. आमच्या गिअरबॉक्सवाल्या काकांना खुर्चीत बसवून विचारलं, “तुमच्या अनुभवातले तीन महत्त्वाचे धडे सांगा.” काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. म्हणाले, स्वच्छता ठेवा, घाई करू नका, सुरक्षिततेचे नियम पाळा. यांनी ते मागे संगीत लावून दिलं. मायकेल पोलान्यी या तत्त्वज्ञाने १९६६ मध्ये मांडलंय की माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त त्याला माहीत असतं. ते खरं आहेच, पण हेच काका चालत्या गिअरबॉक्सपाशी, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी टेकवून, शेजारच्या पोराला, “आता ऐक, ही टकटक फेऱ्यागणिक एकदाच येतेय ना, मग बेअरिंग नाही, दाता बघ” असं कितीतरी सांगतात. तिथे त्यांना प्रश्न विचारावा लागत नाही, मशिनच विचारतं. आम्ही पुढे एका पोराच्या साध्या मोबाइलवर तसेच तुकडे घेतले. आवाज खरखरीत येतो, काका मधेच कुणाला तरी हाक मारतात, पण लोक बघतात ते हेच. मॉड्यूल घेऊ नका.

सॉफ्टवेअरचा जो अर्धा तारा म्हटलं तो ‘तपासणीची तारीख’ या सोयीचा. प्रत्येक नोंदीला मुदत लावता येते. मुदत संपली की ती सांगणाऱ्या-बघणाऱ्या दोघांकडे परत जाते : अजून लागू आहे का? साधी गोष्ट आहे, पण हिच्याशिवाय असली भांडारं कुजतात. ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती आवळायची दोरीसारखी जुनी गळतीरोधक सोय) काढून मेकॅनिकल सील बसवला तरी पॅकिंग किती आवळावं याची नोंद वर्षानुवर्षं पहिल्या पानावर, असं नको. नुसतं भांडार भरून काही होत नाही याचं ठळक उदाहरण नासाचं. त्यांच्याकडे शिकलेल्या धड्यांची मोठी माहितीप्रणाली आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने तपासलं तेव्हा धडे नियमितपणे गोळाही होत नव्हते आणि पोचतही नव्हते असं निघालं. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, नासाच्याच महानिरीक्षकांनी पुन्हा बघितलं, तरी प्रकल्प चालवणारे लोक ती प्रणाली फारशी वापरत नव्हते. जिथे चूक झाली तर यान जातं तिथे ही गत, मग आपण “सॉफ्टवेअर घेतलं, आता लोक वापरतील” यावर किती भिस्त ठेवायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत, कारण ती त्यांच्या हातात नाही : वेळ. पाऊण तासाची ती बैठक ड्युटीत धरली तर गट जगतो. “काम संपवून थांबा” म्हटलं की दोनदा लोक थांबतात, तिसऱ्यांदा फक्त समन्वयक असतो. आमच्याकडे शिफ्टच्या वेळापत्रकातच तो वेळ दाखवला गेला आणि त्या वेळात ब्रेकडाउन आला तर कोण जाणार हेही आधीच ठरलं. एका प्लांटने ते केलं नाही. तिथला गट कागदावर आहे.

घ्यावी का? एकाच प्रकारचं काम करणारी माणसं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली असतील, त्यांना एकमेकांचे बिघाड कळत नसतील, आणि तुमचे वरिष्ठ त्यांना वेळ द्यायला तयार असतील, तर घ्या. सगळी माणसं एकाच खोलीत बसत असतील तर मला तरी याची गरज वाटत नाही, त्यांना एक मोठं टेबल पुरेल. आणि सगळ्या कंपनीसाठी एकदम घेऊ नका. एका कामापासून सुरुवात करा. आम्ही फक्त फिरत्या यंत्रांपासून केली, इलेक्ट्रिकलवाले नंतर आपणहून आले.

सही करण्याआधी जो समन्वयक प्रत्यक्ष येणार आहे त्याला भेटा, विक्रीच्या माणसाला नव्हे. त्याने तुमच्या कामाच्या जागी यायची तयारी दाखवली नाही तर तिथेच थांबा. गुण बंद ठेवून द्यायला सांगा. गट सगळ्यांना उघडे ठेवा. आणि उद्या सेवा सोडली तर सगळ्या नोंदी, फोटोंसकट, कुठल्या स्वरूपात परत मिळतील हे लेखी घ्या. आमच्या पहिल्या करारात समन्वयक एक वर्ष आणि सॉफ्टवेअर तीन वर्षं असं होतं. बाईंची मुदत संपत आली तेव्हा आम्ही त्यांच्या हाताखाली आमचीच एक पर्यवेक्षक तयार केली, आणि नूतनीकरणाच्या वेळी बाईंचे महिन्यातले काही दिवस मागून घेतले, त्याबदल्यात सॉफ्टवेअरचे परवाने कमी केले. मुलाखतींचं मॉड्यूल काढून टाकलं. डॅशबोर्डही काढा म्हटलं, तर म्हणाले तो मूळ पॅकेजचाच भाग आहे, निघत नाही.